मशीनमागचा तळहात

महादेवीचा फोन आला तेव्हा मी एका लग्नपत्रिकेत मामांची नावं भरत होते. "ताई, ह्ये गेले..." एवढंच ती म्हणाली. मैंदर्गीला चुलतभावाच्या वास्तुशांतीला गेलेला तिचा नवरा इराप्पा पंगतीत पाणी वाढता वाढता खाली बसला, तो उठलाच नाही. इराप्पा माझ्या नवऱ्याचे जुने मित्र, म्हणून माझे भाऊजी. सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. फोन ठेवल्यावर मला रडू आलं नाही, राग आला. आज इतक्या आठवड्यांनंतरही तो पुरता गेलेला नाही, आणि हे मी त्या रागासकटच लिहिते आहे.

आमचं लग्नपत्रिकांचं दुकान यंत्रमागांच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. खाली टॉवेल विणले जातात, त्यामुळे हवेत सदैव कापसाचे तंतू. केसांत, चहाच्या कपात, देवाच्या फोटोवर. नवा कॉम्प्युटर आला तेव्हा तो तरी या तंतूंपासून वाचावा म्हणून मी त्याच्या डब्यावर घरातली चांगली जाडजूड चादर पांघरली. मोलाची वस्तू दिसली की तिच्यावर चादर घालायचा मोह आम्हा सोलापूरकरांना आवरत नाही. थोड्याच दिवसांत मशीन काम करता करता आपोआप बंद पडायला लागलं. भाऊजी आले, त्यांनी चादर बघितली, पण काही बोलले नाहीत. डब्याच्या मागे नुसता तळहात धरून उभे राहिले. वारा येतो का, किती गरम येतो, ही त्यांची पहिली तपासणी. मग माझ्याकडे वळून अगदी काळजीच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, ह्याला थंडी वाजून आली हुती काय?" नवरा हसून हसून लाल झाला आणि मी दोघांवरही चिडले. डबा उघडला तर प्रोसेसरवरचा छोटा पंखा तंतूंनी इतका गच्च भरलेला, की महिनाभराच्या वाती वळून झाल्या असत्या. भाऊजींनी एका बोटानं पातं धरून ठेवलं आणि ब्रशनं सगळा कापूस हलकेच काढला. पंख्याची वायर पात्याला अडत नाही ना ते बघितलं, तिचं टोक बोर्डावर नीट दाबलं, आणि मग बोटानंच पंखा फिरवून पाहिला. "मोकळा फिरतोय. ह्यो जगला." चादरीची घडी घालून त्यांनी ती खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसून चहा घेतला. तेव्हापासून ती चादर त्या खुर्चीवरच आहे.

एकदा ऐन लग्नसराईत तोच पंखा घरघरला आणि थांबला. या वेळी साफ करूनही बोटाला घट्ट लागत होता. "आतून गेलाय, नवाच घालावा लागतोय," भाऊजी म्हणाले. नवा यायला संध्याकाळ होणार, आणि समोर नवऱ्यामुलाचे वडील पत्रिकेसाठी ठाण मांडून बसलेले. मी म्हटलं, डबा उघडा ठेवू, शेजारी टेबलफॅन लावू, तेवढी एक पत्रिका काढून घेऊ. भाऊजींनी सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. "तडी, वहिनी, तडी." तडी म्हणजे कानडीत थांब, हा शब्द ते माणसांना आणि मशीनला सारखाच वापरायचे.

"अहो, लोक खोळंबलेत!"

"खोळंबू द्या की. बंद पंख्यावर मशीन चालवायचं न्हाय. तापलं की ते आपलं आपण बंद पडतंय, ते त्याचं शहाणपण. आपुन परत परत चालू करतो, ते आपलं येडेपण."

त्या दिवशी मी त्यांच्याशी धड बोलले नाही. ते मात्र चादरीवर बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात राहिले, नवऱ्यामुलाच्या वडिलांनाही त्यातली अर्धी दिली, आणि संध्याकाळी नवा पंखा बसवूनच घरी गेले.

आता असा माणूस स्वतःच्या बाबतीत कसा वागावा? गेल्या वर्षभरात ते आमच्या जिन्याच्या मधल्या पायरीवर बसायला लागले होते. कपाळाला घाम, एक हात छातीवर. विचारलं की ठरलेलं उत्तर, "पित्त हाय," आणि खिशातून जिऱ्याची पुडी बाहेर. महादेवी मागे लागली, माझा नवरा मागे लागला. मी तर जिन्यातच भांडले. "भाऊजी, बंद पंख्यावर चालवताय तुम्ही!" त्यावर हसले. "लई शिकला की वहिनी तुमी." मग थोडं थांबून म्हणाले, "तेवढी मैंदर्गीची वास्तुशांत होऊन जाऊ दे. मग जातो डॉक्टरकडं..." दुसऱ्याचं मशीन मिनिटभर तापू न देणारा माणूस, आणि स्वतःला मात्र पुन्हा पुन्हा चालू करत राहिला. हे मला कळत नाही आणि मी ते माफही केलेलं नाही.

परवा आमचं मशीन पुन्हा आपोआप बंद पडलं. नवरा म्हणाला, दुसऱ्या कुणाला तरी बोलावू. ते काही माझ्या मनाला पटेना. मी महादेवीला फोन करून भाऊजींचा ब्रश मागितला, तर ती स्वतःच घेऊन आली आणि त्या चादरीवर टेकली. मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. पातं बोटानं धरलं, कापूस काढला. पंखा मोकळा फिरत होता, पण चालू केल्यावर हलेना. पुन्हा बंद केलं आणि वायरचं टोक चाचपलं. ते सैल झालं होतं. नीट दाबलं. बटण लावल्यावर पंखा सुरू झाला आणि माझा जीव भांड्यात पडला.

महादेवी उठली. कुणी न सांगता तिनं डब्याच्या मागे तळहात धरला, अगदी तसाच. "येतंय की वारं," ती म्हणाली. मग हात तसाच ठेवून म्हणाली, "ताई, सगळ्यांच्या मशीनला हात लावून बघायचे. मी छातीवर हात ठिवाय गेले तर मातुर बाजूला सारायचे. पित्त हाय म्हणायचे."

तिनं हात काढला नव्हता. त्या दिवशी छापायचं काही उरलं नव्हतं, तरी मी मशीन चालूच ठेवलं.