पालकांशिवाय गेटच्या आत नाही!

आम्ही चार रिटायर्ड शिक्षिका भिशीला जमलो की विषय कुठूनही निघो, गाडी मोठ्या सरांवरच येते. किती सांगू! नव्वदच्या दशकातली तुळिंजची आमची शाळा, आणि या मुख्याध्यापकांना औषध एकच ठाऊक: सस्पेंड! "पालकांना आण, तोवर गेटच्या आत पाय ठेवायचा नाही!"

*

जोसेफ सतत शाळा बुडवून नंदाखालला मामाच्या केळीच्या वाडीत पळायचा. शिक्षा काय? आठवडाभर शाळेत यायचं नाही!

पोरगा इतका खूश झाला की जाताना म्हणाला, "थँक्यू, सर!"

सर आम्हाला म्हणतात कसे, "बघा, शिस्तीने किती नम्र झाला!"

*

आणि पालक आणायचे कुठून? सोपाऱ्यातले आईबाप पहाटे मुंबईला जातात ते रात्री उगवतात. मग पोरं नाक्यावरच्या एका रिक्षावाल्यालाच काका करून आणायची. एकाच महिन्यात तोच काका तीन वेगळ्या पोरांसाठी आला.

सर त्याच्यावर खेकसले, "अहो, तुमच्या घराण्यातच बेशिस्त आहे!"

*

पण माझं डोकं फिरतं ते नववीवरून. दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा ना! मग कच्ची पोरं नववीतच गाळायची. दाखला हातात, चालू पड!

सुषमा त्यातलीच, गणितात नापास. आई वालीवला कंपनीत पॅकिंगला, सुट्टी फक्त रविवारी. पोरगी गेटवर रडत होती, "सर, मला दहावी करू द्या. आईला रजा मिळत नाही हो."

"पालकांशिवाय बोलणार नाही!" म्हणत सरांनी गेट लावून घेतलं. निर्लज्ज मेला!

मग मी तिला घरी गणित शिकवलं आणि बाहेरून दहावीला बसवलं.

*

निकाल लागला. सरांच्या शंभर टक्क्यांत पहिला आलेल्यापेक्षा सुषमाला जास्त मार्क! लगेच सरांचं प्रेम उतू गेलं. मैदानात मांडव, नगरसेवक, पेपरवाले. "आमचीच विद्यार्थिनी!" म्हणत तिला बोलावणं धाडलं.

सुषमा आली ती गेटबाहेरच थांबली. शिपाई बोलावून थकला. शेवटी सर स्वतः गुच्छ घेऊन धावले.

"अगं, आत ये ना, बाळ!"

"पालक नाहीत बरोबर, सर. आई कामावर गेलीय."

"असू दे गं! सगळे खोळंबलेत. मी काय करू आता?"

"रविवारी घरी या," सुषमा म्हणाली. "आणि येताना तुमच्या पालकांना घेऊन या!"