मी एकदम हो

आमच्या दादाला 'मला माहीत नाही' हे वाक्य इंग्रजीत सात प्रकारे शिकवता येतं. स्वतः मात्र तो ते कोणत्याच भाषेत म्हणत नाही. घराच्या पुढच्या खोलीत त्याचा इंग्रजी संभाषणाचा क्लास आहे. बाहेर पाटी आहे: 'इंग्रजीची भीती? आत या.' हल्ली आत येतं कोण, तर मी, झाडू घेऊन. मी त्याची धाकटी बहीण, म्हणजे मला पळून जायची सोयच नाही.

क्लास ओस पडला तरी दादाचा रुबाब तसूभर कमी झाला नाही. गल्लीत कुणाच्या मुलाचा इंग्रजी मेसेज आला की बाप अर्थ विचारायला दादाकडेच येतो. समोरच्या शिंप्याने स्वतः शिवलेल्या कोटाचा फोटो मुलाला पाठवला, तर उत्तर आलं, 'सिक'. दादाने तोंड पाडून सांगितलं की मुलगा आजारी आहे. बिचारा शिंपी औषधांची पिशवी घेऊन परगावी धावला. मुलगा मित्रांबरोबर पोहायला गेला होता. कोट झकास झालाय, एवढंच त्याला म्हणायचं होतं. दादा यावर काय म्हणाला असेल? म्हणाला, बाप निघाल्याचं कळताच पोराला गुण आला. घ्या! आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

तर या दादाची एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. मेणाचे दात इतके सुबक घडवते की खरे दात काढून ते बसवावेसे वाटतात. तिला तिथे भाड्याची का होईना, हक्काची खोली मिळालीय, पोरगी खुशीत आहे. पण दादाच्या डोक्यात एकच भुंगा: तिने नोकरी सोडून घरी यावं आणि क्लास चालवावा. त्याने तिला तसं पुन्हा एकदा कळवलं. उत्तर आलं, तीन अक्षरी. एम, ई, एच. मेह.

दादाने जाडजूड शब्दकोश काढला. त्याचा कोश त्याच्याच वयाचा, त्यात कुठला सापडायला हा शब्द! मी म्हटलं, फोन करून तिलाच विचार की. तर माझ्यावरच डाफरला. शब्दाचा अर्थ मी पोटच्या पोरीला विचारू? बाहेरची पाटी वाचलीस का? मग येरझाऱ्या घातल्या, चष्मा पुसला, आणि मध्येच थांबून टाळी वाजवली.

"मी एकदम हो! अगं, हल्लीची मुलं पूर्ण शब्द कुठे लिहितात? एम म्हणजे मी, ई म्हणजे एकदम, एच म्हणजे हो."

झालं. रंगाऱ्याला बोलावून पाटीवरच्या दादाच्या नावापुढे 'आणि कन्या' रंगवून घेतलं. इथवर ठीक होतं, रंगच तो. पण पठ्ठ्याने पोरीच्या घरमालकिणीलाही परस्पर फोन करून कळवलं की मुलगी घरी यायला हो म्हणालीय, खोली सोडतेय, दुसरं कुणी बघा.

दोन दिवसांनी पोरगी दारात उभी. घरमालकीण एका बाईला घेऊन तिची खोली दाखवायला आली होती, तेव्हा हिला पत्ता लागला. तिने आधी पाटी वाचली, मग आत येऊन खांद्यावरची बॅग न उतरवताच बापासमोर बसली. मेहचा काय अर्थ लावलात, असं विचारलं. दादाने सांगितला. मला फस्सकन हसू आलं, पण तिचा चेहरा बघून मी ते गिळलं.

मग तिने समजावलं. आपण खांदे उडवून 'हॅ' करतो ना, तेच. मनात नाही, पण वादही घालायचा नाही, तेव्हा म्हणायचा शब्द.

दादा चिडला. मग सरळ मराठीत 'नको' लिहायला काय झालं होतं?

"लिहिलं होतं, बाबा. दोनदा. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, पोरगी संकोचाने नको म्हणतेय. म्हणून या वेळी इंग्रजीत लिहिलं. म्हटलं, ते तरी तुम्हाला कळेल."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं झाडूकडे. मला त्या माणसाचा राग येत होता आणि कीवही येत होती, दोन्ही एकदम. त्याने शब्दकोश मिटून बाजूला सारला. मग उठून घरमालकिणीला फोन लावला. मुलगी खोली सोडत नाहीये, असं म्हणाला. पलीकडून बाई तावातावाने बोलत होती. परवा तर तुम्हीच म्हणालात ना, ती हो म्हणाली म्हणून?

"नाही हो," दादा म्हणाला. "ती नको म्हणाली होती. मलाच वाचता आलं नाही."

पोरीने ते ऐकलं, आणि खांद्यावरची बॅग पहिल्यांदा खाली ठेवली.