चक्क्याच्या फडक्यातलं डिझेल

वैजयंती देवस्थळी एकोणतीस वर्षं लंडनच्या हॅरो भागात डिस्ट्रिक्ट नर्स आहे. म्हणजे हॉस्पिटलात ती फारशी नसतेच, ती लोकांच्या घरी जाते. सकाळी आठला एका म्हाताऱ्याला इन्सुलिन, मग कुणाच्या पायाच्या जखमेचं ड्रेसिंग, मग कुणाचा कॅथेटर, अशी दिवसाला दहा-अकरा घरं. गाडी हेच तिचं ऑफिस. डिकीत पट्ट्या आणि ग्लोव्ह्जचे खोके, पुढच्या सीटवर पोळीभाजीचा डबा. लोक तिच्या हातात घराच्या किल्ल्या देतात आणि निर्धास्त झोपतात. इतक्या वर्षांत कुणाची टाचणीसुद्धा इकडची तिकडे झाली नाही, आणि हे ती कुणाला सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नाही.

सांगण्याचं खातं तिच्या नवऱ्याकडे. जयंतराव इन्शुरन्स कंपनीतून रिटायर झाले आणि घराजवळच्या एका हौशी क्रिकेट क्लबचे चेअरमन झाले. क्रिकेट त्यांना जन्मात कधी धड खेळता आलं नाही, पण चेअरमनला बॅट धरावी लागत नाही, माइक धरावा लागतो, आणि तो यांच्या हातून सोडवणं महाकठीण. घरी पाहुणे आले की जेवणाआधी अर्धा तास प्रवचन ठरलेलं : भारतात सगळं वशिल्यावर चालतं, इथे कायद्यावर. पानं वाढून गार होत, तरी कायद्याचं राज्य संपत नसे. दुसरा छंद कौन्सिलला पत्रं लिहिण्याचा. रस्त्यात खड्डा दिसला की हे फूटपट्टी घेऊन वाकणार, खोली मोजणार, फोटो काढणार, आणि खाली सही करणार, ‘एक प्रामाणिक करदाता’.

या प्रामाणिक करदात्याच्या ताब्यात क्लबच्या डिझेलच्या टाकीची किल्ली होती. क्रिकेट क्लबला मैदानासाठी लाल डिझेल मिळतं. असतं ते साध्या डिझेलसारखंच, पण त्यावर कर अगदी थोडा, म्हणून ओळखू यावं यासाठी त्यात लाल रंग घातलेला असतो. गवत कापायच्या यंत्रात आणि रोलरमध्ये ते चालतं, रस्त्यावरच्या गाडीत घालायला सक्त बंदी. दुसरी किल्ली माधवकडे असे. माधव म्हणजे मैदान राखणारा, आठवड्यातले तीन दिवस येणारा, खाली मान घालून काम करणारा माणूस.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी जयंतराव बायकोला म्हणाले, “तू किती दमतेस. तुझ्या गाडीत डिझेल मी भरून ठेवत जाईन.” तोवरच्या बत्तीस वर्षांच्या संसारात या गृहस्थांनी तिला कधी कपभर चहा करून दिला नव्हता. वैजयंतीला भरून आलं. तिने पुण्याला बहिणीला फोन करून हे कौतुकाने सांगितलं. आता ते आठवलं की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

यंदा पाडव्याच्या आदल्या दिवशी ती चक्का टांगायला फडकं शोधत होती. मऊ मलमलचं, फक्त चक्क्यासाठी वेगळं ठेवलेलं. ते सापडलं गॅरेजमध्ये, बादलीमागे कोंबलेलं, गुलाबी झालेलं आणि डिझेलने घमघमणारं. तिने ते दोन बोटांत धरून बैठकीच्या खोलीत नेलं.

“हे काय आहे?”

“अगं, जरा गाळून बघत होतो,” जयंतराव पेपरातून मान वर न काढता म्हणाले. “रंग जातोय का ते.”

“कशाचा रंग?”

मग सगळं बाहेर आलं. दूध उतू जाताना ज्याला गॅस बंद करायचं सुचत नाही, तो माणूस तिच्या श्रीखंडाच्या फडक्यावर रिफायनरी काढायला निघाला होता. रंग गेला नव्हता हे सांगायला नको.

“डिझेल तेच असतं गं. हा टॅक्स म्हणजे निव्वळ लूट आहे. आयुष्यभर भरला, पुरे झालं आता.”

“पंपावर माझ्या पुढे पार्सलवाला उभा असायचा, तो टॅक्स भरतो. म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारी आमची केअरर, ती दिया, मिनिमम वेजवर चार घरं करते, ती भरते. तुम्ही कोण लागून गेलात? आणि खड्डे मोजत फिरता ते कुणाच्या पैशांनी बुजवायचे, दियाच्या?”

“बरं बाई, बंद केलं. आता पंपावरूनच भरत जाईन.”

यापुढे मीच भरीन, असं तिने म्हणायला हवं होतं. पण रोज अकरा घरं करणाऱ्या बाईला रविवारी भरलेली टाकी मिळाली की ती सवय मोडवत नाही, हेही खरं. त्या आळसाचा तिला अजून राग येतो.

जूनमध्ये एका गुरुवारी पोलिसांनी मेन रोडवरच्या गाड्या बाजूच्या कार पार्कमध्ये वळवायला सुरुवात केली. तिथे टॅक्स खात्याची व्हॅन उभी होती. एका तरुण ऑफिसरने वैजयंतीच्या गाडीच्या टाकीत बारीक नळी घातली, वर ओढली आणि छोटी बाटली उजेडात धरली. आतला रंग फिकट होता, पण लाल होता. गाडी जप्त होईल असं त्याने शांतपणे सांगितलं, आणि हे कुणी भरलं असं विचारलं. नर्सवर लबाडीचा ठपका आला की रजिस्ट्रेशनची चौकशी लागते. पाच मिनिटं द्या, असं म्हणून तिने नवऱ्याला फोन केला.

जयंतराव आले ते मिनीकॅबने. स्वतःच्या गाडीतही तेच लाल डिझेल होतं, म्हणून ती त्यांनी घरीच ठेवली होती. तेवढी अक्कल शाबूत होती. त्यांनी ऑफिसरकडे बघून तोंडभर हसून “गुड मॉर्निंग” केलं आणि त्याच हसऱ्या चेहऱ्याने मराठीत सुरू झाले.

“हा पंजाबी-बिंजाबी दिसतोय, घाबरू नकोस. सांग, क्लबवर आले होते, घाईत चुकून तिथल्या टाकीतून भरलं. तू नर्स आहेस, तुला कोण काय करणार? माझं नाव आलं तर चेअरमनपद जाईल.”

“म्हणजे मी क्लबचं डिझेल चोरलं, असं सांगू?”

“मग माधवचं नाव घे. त्याच्याकडे किल्ली आहे ना! त्याला कुठे इज्जत सांभाळायची आहे?”

वैजयंतीने चौतीस वर्षं या माणसाला सांभाळून घेतलं होतं. त्याचं प्रवचन, त्याची फूटपट्टी, सगळं. आता त्याला तिची एकोणतीस वर्षं हवी होती, आणि ती कमी पडली तर माधवची रोजीरोटी. तिला त्याची किळस आली. ती ऑफिसरकडे वळली आणि स्वच्छ इंग्लिशमध्ये म्हणाली, “माझ्या नवऱ्याने भरलं. क्लबच्या टाकीतून. दोन वर्षं. मार्चमध्ये मला कळलं, बंद केलं असं तो म्हणाला, आणि मी तपासलं नाही.”

“ती गोंधळली आहे,” जयंतराव घाईघाईने म्हणाले. “फार काम पडतं हो तिला.”

ऑफिसरने पेनचं टोपण काढलं. “काका,” तो अडखळत म्हणाला, “मला मराठी येतो. मी सगळा ऐकला.”

दुसरा कुणी असता तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं असतं. जयंतरावांचा चेहरा मात्र उजळला. “अरे वा! म्हणजे तू आपलाच! नाव काय बाळ?”

“सम्यक.”

“सम्यक... आणि आडनाव? मूळ गाव कुठलं तुमचं? आपल्या माणसाने आपल्या माणसाला...”

“आडनाव तुमचं सांगा काका,” सम्यक म्हणाला. “फॉर्मवर तेच लागतो.”

वैजयंतीने पुढे होऊन देवस्थळीचं एकेक अक्षर सावकाश सांगितलं. आडनाव दोघांचं एकच होतं, म्हणून नवऱ्याचं पहिलं नाव तिने दोनदा सांगितलं.