चितळांकडे पाठ

लालबागला आमच्या चाळीखाली घड्याळं दुरुस्त करणारे काका डोळ्याला भिंग लावूनच चितळांबद्दल बोलतात, तेही शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं. "म्हातारी मादी पुढे, पाडसं मधे. तिने पाय आपटला की सगळे पसार!"

रविवारी ते मला बोरिवलीच्या जंगलात घेऊन गेले. अचानक बाजूला अख्खा कळप! काका पुढे गेलेले. चाळीत हाक म्हणून मारतो तशी मी जोरात शिट्टी मारली. कळप उधळला. एक पाडस मात्र गवतात थिजून राहिलं.

काका ओरडले नाहीत. मला खाली बसवलं आणि आठवडाभर चितळ दिसायची वाट बघितलेली, तरी त्या पाडसाकडेच पाठ करून बसले.

"आपण बघतोय तोवर आई येणार नाही रे."

बऱ्याच वेळाने मागे गवत सळसळलं. काकांनी माझा हात घट्ट दाबला.

"आली!" मान न वळवता ते म्हणाले.