खुर्चीवरचा धूर

मुलांनो,

मागच्या रविवारी धाकटीने फोनवर सांगितलं, की तिच्या कॉलेजातल्या फोटो काढणाऱ्या मुलामुलींनी यंदा सगळ्यांसाठी एकच विषय ठरवला आहे: खुर्ची. "आजी, खुर्च्यांचे फोटो कुणी काढतं का गं?" असं विचारून ती हसली. आम्ही काढायचो. सातारा आणि सांगली मिळून सात-आठ माणसं, दुसऱ्या महायुद्धाची मधली वर्षं जवळजवळ फक्त खुर्च्यांचेच फोटो काढत होती. फोनवर हे सांगायला वेळ पुरला नसता. पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, म्हणून त्याआधी नीट क्रमाने लिहून ठेवते. माझ्या टेबलासमोर भिंतीवर जो फोटो आहे, ज्याला तुम्ही दोघं लहानपणी 'जळणारी खुर्ची' म्हणायचात, त्याची हकिगतही यातच येईल.

माझे वडील साताऱ्यात हायस्कुलात सायन्स शिकवत. त्यांच्याजवळ एक साधा बॉक्स कॅमेरा होता. गावात आणखी दोघांना हा नाद होता, एक डॉक्टर आणि एक ड्रॉइंग मास्तर. सांगलीतही अशीच चारपाच माणसं होती. त्यांत हळदीचे एक अडते होते आणि रेल्वेतले एक बाबू. या मंडळाला नाव नव्हतं. आमच्या घरात त्यांना 'फोटोवाले' म्हणत, आणि आई ते जरा निराळ्या सुरात म्हणे.

युद्धामुळे फिल्मचे रोल मिळेनासे झाले, तेव्हा खुर्च्यांची कल्पना डॉक्टरांनी काढली. "माणसाचा फोटो काढला की तो प्रत मागतो," ते म्हणाले. "मग त्याची बायको मागते. मग एक सासुरवाडीला. खुर्ची काही मागत नाही, आणि हलतही नाही." मिळेल तो जुना, मंद रोल खुर्चीला चालत असे. नियम थोडे होते. महिन्याला प्रत्येकाचा एकच फोटो, आणि खुर्ची रिकामी हवी. सगळे फोटो एका पाकिटातून साताऱ्याहून सांगलीला आणि सांगलीहून साताऱ्याला जात. ज्याला जे वाटेल ते त्याने फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहायचं, खाली सही करायची नाही. सही नसली तरी अक्षर सगळ्यांना ओळखू येई, त्यामुळे भांडणं व्हायचीच.

किती तऱ्हेच्या खुर्च्या त्या पाकिटातून आमच्या घरी आल्या! सांगलीच्या पेठेतल्या न्हाव्याची, मान टेकायला फळी असलेली. मिरज स्टेशनातली, जिच्या पाठीवर तेलकट डोक्याचा गोल डाग होता. पाटणच्या बंगल्यातली लांब हातांची, साहेबाने पाय पसरून पडायची. वडिलांनी एकदा शाळेच्या वर्गातली मास्तरांची खुर्ची काढली. मागे कुणी तरी लिहिलं, "छडी दिसत नाही."

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. फोटो धुवायच्या काळोखाच्या खोलीत वडिलांना मदत करता करता शिकले. मंडळात मुलगी मी एकटीच. रोलमधला एक फोटो महिन्याला माझा, असं वडिलांनी ठरवून दिलं होतं. त्यामुळे फोटो काढायला मी शिकले ते खुर्च्यांवरच. माणसाचा फोटो मी तोवर एकही काढला नव्हता.

आम्ही गावाच्या कडेला एका शेतकरी कुटुंबाच्या घरात भाड्याने राहत होतो. अर्ध्या घरात आम्ही आणि अर्ध्यात ते. त्यांचा उसाचा मळा होता. घरात दोन जावा होत्या. मी त्यांना थोरल्या काकी आणि धाकट्या काकी म्हणे. धाकट्या काकींचा मुलगा पलटणीत होता. मागच्या रजेवर आला तेव्हा त्याने सुताराकडून आईसाठी एक खुर्ची करून घेतली होती. काकींचे गुडघे दुखत, उठता-बसता त्या भिंतीला धरत. "आता भुईवर बसायचं न्हाई," असं बजावून तो गेला. वेताची बैठक, रुंद हात, चांगली भक्कम खुर्ची होती. काकी तिच्यावर धुतलेली घोंगडी ठेवत आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसत.

त्याची पत्रं मी वाचून दाखवायची आणि उत्तरंही मीच लिहायची.

"बसतीस का म्हून इचारतंय," काकी म्हणत. "लिव, बसती म्हून."

"पण काकी, तुम्ही कुठे बसता?"

"आगं लिव की. तुजं काय जातंय?"

मुलगा काही खुळा नव्हता. पुढच्या पत्रात त्याने लिहिलं, "आये, तू बसत न्हाईस हे मला हितं बसून ठावं हाय. मास्तरांकडं फोटूची पेटी हाय. खुर्चीत बसल्याला फोटू धाड. पलटण आता हलणार हाय, मग पत्राचा भरवसा न्हाई." त्याच्या खालच्या दोन ओळी सरकारने काळ्या शाईने पुसलेल्या होत्या. काकी त्या काळ्या पट्ट्यावरून बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "काढ बाई फोटू. पर सोप्यात, दार लावून. अंगणात न्हाई."

"आत उजेड नाही, काकी."

"नसू दे. थोरल्या जाऊबाई भुईवर आन मी खुर्चीत? गल्ली काय म्हनंल? आन त्या सोता काय म्हनतील?"

मी विचारलं, खुर्ची नुसतीच काढून पाठवली तर? त्या एकदम चिडल्या. "रिकामी? पोरगं लडाईत आन हितं त्येची खुर्ची रिकामी दावायची? कायबी बोलतीस." आमचे ड्रॉइंग मास्तर पूर्वी एकदा हीच खुर्ची मंडळासाठी मागायला आले होते, तेव्हा त्यांनाही त्यांनी याच शब्दांत वाटेला लावलं होतं.

रोलमध्ये एकच फोटो उरला होता, आणि तो त्या महिन्याचा माझा होता. मी तो काकींना द्यायचा ठरवला. कॅमेरा स्टुलावर ठेवला. सोप्याच्या, म्हणजे त्यांच्या पुढच्या खोलीच्या, एका खिडकीतून उजेड येत होता तेवढाच. काकी खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या, जणू ती दुसऱ्याची आहे. मी कळ उघडी ठेवली आणि मनातल्या मनात आकडे मोजू लागले, अंधाऱ्या खोलीतल्या खुर्चीसाठी मोजायचे तसेच, सावकाश.

तेवढ्यात बाहेरून थोरल्या काकींचा आवाज आला, "दार का लावलंय गं? कोन हाय आत?"

काकी ताडकन उठल्या. मी हाताने खूण केली, तशा पुन्हा बसल्या, पुन्हा अर्ध्या उठल्या. मी कळ बंद केली.

फोटो धुतल्यावर खुर्ची अशी आली होती, की वेताची एकेक पट्टी आणि खिळ्यांची डोकी मोजून घ्यावीत. तिच्यावर पांढरा धूर होता. धुरात कुठे पदराचा काठ, कुठे एक हात. तोंड नव्हतं. माझ्या लक्षात आलं, की मी माणसाला खुर्चीइतका वेळ दिला होता.

काकींनी फोटो उजेडात धरला. "ही खुर्ची. आन मी कुटं गेले?"

"तुम्ही हललात, काकी."

त्या आधी हसल्या, मग फोटो माझ्या हातात परत दिला. "असला न्हाई धाडायचा गं," त्या म्हणाल्या. "त्येला वाटंल, आय ग्येली."

साताऱ्यात रोल मिळेना. दुकानदार वडिलांना म्हणे, पुढच्या महिन्यात बघू. पलटण पुढच्या महिन्यापर्यंत थांबणार होती की नाही, हे त्या काळ्या पट्ट्याखाली लिहिलेलं असणार. काकी रोज संध्याकाळी आमच्या उंबऱ्याशी येत आणि काही न विचारता परत जात.

त्या रविवारी सांगलीला मंडळाची बैठक होती. माझ्याकडे दुसरं काही नसल्यामुळे वडिलांनी तोच फोटो पाकिटात घातला आणि मलाही बरोबर घेतलं. रेल्वेने मिरज आणि तिथून सांगली. बैठक अडत्यांच्या वखारीवरच्या खोलीत असे. जिन्याच्या पायऱ्या हळदीने पिवळ्या झालेल्या, आणि घरी आल्यावर लुगड्याचा काठही पिवळा निघे.

फोटो हातोहात फिरला. रेल्वेचे बाबू म्हणाले, "हा बाद. खुर्चीत माणूस आहे."

"कुठे आहे?" डॉक्टर म्हणाले. "मला तर धूर दिसतो."

"धूर कुणाचा तरी असणार ना!"

"बाबू, तुमच्या इंजिनाचा असेल. मिरजेहून आलाय."

सगळे हसले. मी दाराजवळ उभी होते. मोठ्या माणसांत बोलायची मला सवय नव्हती, पण त्या दिवशी राहवलं नाही. मी म्हटलं, "त्या आमच्या काकी आहेत," आणि सगळं सांगितलं. पलटणीचंही सांगितलं.

अडत्यांनी फोटो पुन्हा हातात घेतला. "खुर्च्या काढून काढून आम्हीच हिला बिघडवलीय," ते वडिलांना म्हणाले. मग उठून कपाट उघडलं आणि आतून एक न उघडलेला रोल काढला. बाबू म्हणाले, "अहो, हा तर तुम्ही गुळाच्या सौद्याच्या खुर्च्यांसाठी राखला होता."

"असू दे. खुर्च्या कुठं पळून जातायत?" अडत्यांनी रोल माझ्या हातात दिला. "पण उन्हात काढ. घरात नको."

परतीच्या गाडीत मी वडिलांना विचारलं, काकींना उन्हात आणायचं कसं? ते म्हणाले, "ते तू बघ. मी फक्त सायन्स शिकवतो."

कोरेगाव मागे पडेपर्यंत मी विचार करत होते. नंतर लक्षात आलं, की आता माझ्याजवळ एकच फोटो नाही, सबंध रोल आहे. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले ती सरळ थोरल्या काकींकडे गेले.

"थोरल्या काकी, मला तुमचा फोटो काढायचाय. खुर्चीत बसलेला."

"माजा? ह्या वयात?"

"घरात थोरल्या तुम्ही. तुमचा आधी काढायला हवा."

"थोरली तर मी हायच," त्या म्हणाल्या आणि लुगडं बदलायला आत गेल्या. बाहेर आल्या त्या नथ घालून. खुर्ची अंगणात आणली होती. त्या तिच्यावर मामलेदार बसावा तशा बसल्या.

"हालू का नको?"

"नका."

"आन शिंक आली तर?"

"नाही यायची. झाला फोटो."

"झाला बी?" त्या उठल्या नाहीत. खुर्चीच्या दोन्ही हातांवरून तळवे फिरवले, पाठ टेकून बघितली. शेजारणी भिंतीवरून बघत होत्या. मग त्या माजघराकडे तोंड करून ओरडल्या, "ये गं, तू बी बस. पोरानं तुज्यासाटी केलीया आन तू तिच्यावर घोंगडी ठेवतीस. काय ह्यो नखरा!"

धाकट्या काकी माझ्याकडे बघेनात. हात पुसत आल्या आणि बसल्या, या वेळी पुरत्या, पाठ टेकून. पाय जुळवलेले, चेहरा कोर्टात साक्षीला आल्यासारखा. मी कळ दाबली. उन्हात मोजायला काही लागलं नाही.

दोन्ही फोटो दुसऱ्या दिवशी उन्हात छापले. थोरल्या काकींचा हट्ट, की आपलाही गेला पाहिजे, म्हणून दोन्ही एकाच पाकिटात गेले. त्यानंतर बरेच महिने काही आलं नाही. काकी पुन्हा उंबऱ्याशी येऊ लागल्या. पत्र आलं तेव्हा त्यावर कुठल्या जागेचं नाव नव्हतं. "फोटू पोचला," असं त्याने लिहिलं होतं. "पलटण हलायच्या आदी हातात पडला. बसलीस हे बरं केलंस. खुर्ची एका पायावर वाकडी दिसती, सुताराला दाव. आन चुलतीला कुनी बसवलं?"

मी काकींना ते दोनदा वाचून दाखवलं. खुर्ची वाकडी नव्हती, अंगण वाकडं होतं. ते मी उत्तरात लिहिलं.

त्या दिवसापासून थोरल्या काकी रोज त्या खुर्चीत बसू लागल्या. धाकट्या काकी बसत, पण थोरल्या मळ्यावर गेल्या की. मुलगा युद्ध संपल्यावर परत आला. गावातले सगळे आले नाहीत. तो दारात आला तेव्हाही थोरल्या काकीच खुर्चीत होत्या. तो पाया पडला आणि आईशेजारी जमिनीवर बसला.

युद्ध संपलं, रोल मिळू लागले, आणि मंडळी पुन्हा माणसांचे आणि देवळांचे फोटो काढायला लागली. खुर्च्यांचं पाकीट फिरायचं थांबलं. कुणी मुद्दाम बंद केलं असं नाही.

धाकट्या काकींचा चांगला आलेला फोटो तिकडच्या ओलीत चिकटून खराब झाला. मुलाने परत आणला तो, पण त्यात काही ओळखू येत नव्हतं. त्याची निगेटिव्ह आमचं बिऱ्हाड हललं तेव्हा हरवली. थोरल्या काकींचा फोटो त्यांच्या नातवाकडे आहे. खुर्ची त्याच घरात आहे. वेत जाऊन आता प्लॅस्टिकची पट्टी विणली आहे, पण हात आणि पाय जुनेच आहेत. माझ्याकडे धुराचा फोटो आहे. त्याच्या मागे पेन्सिलीने, रेल्वेच्या बाबूंच्या अक्षरात, "बाद" लिहिलेलं आहे आणि त्याच पेन्सिलीने ते खोडलेलं आहे. दोन्ही अजून वाचता येतं.