भाड्याची मशीन मी ताणली नाही

लग्न घरबसल्या दाखवणं हा आमचा धंदा. मेहकरात बसस्टँडच्या मागे एका खोलीत आम्ही तिघं तो चालवतो. नवरा कॅमेरा धरतो, धाकटा दीर वायरी आणि इंटरनेट बघतो आणि मी खोलीत बसून ते लग्न पुण्या-सुरतेच्या नातेवाइकांच्या मोबाइलपर्यंत पोचवते. त्यासाठी एक सर्व्हर भाड्याने घेतलाय. अख्खी मशीन आमच्या एकट्यांची, पण ती असते मुंबईकडे कुठल्याशा इमारतीत. मी तिला आजवर डोळ्यांनी पाहिलेलं नाही. कॅमेऱ्यातून आलेल्या एका चित्राची ती तीन-चार चित्रं करते, चांगल्या नेटवाल्यांना मोठं, रडक्या नेटवाल्यांना लहान. या कामात प्रोसेसरचा घाम निघतो.

मशीनला सगळ्यात जड काय जातं, सांगू? डीजे नाही, रोषणाई नाही. हवेतले तांदूळ! नवरा-नवरी गुमान उभी असली की चित्र फारसं बदलत नाही, मशीन आरामात असते. पण ‘सावधान’ झालं आणि मांडवभर लोकांनी एकदम अक्षता फेकल्या की पडद्यावरचा कण न् कण हलायला लागतो. तेवढं सगळं तिला नव्याने रंगवावं लागतं. ज्या घटकेसाठी लोक लग्न बघतात, नेमकी तीच तिला झेपत नाही.

त्यात मुहूर्त. आम्ही बौद्ध, आमच्यात मुहूर्त नाही. रविवार बघतो, हॉल बघतो, पाहुण्यांची सोय बघतो की झालं. पण आमची बहुतेक गिऱ्हाइकं मुहूर्तवाली, आणि पंचांगातला चांगला दिवस अख्ख्या जिल्ह्याला एकदमच चांगला असतो.

गेल्या मोसमात एकाच दिवशी, एकाच मुहूर्तावर आमच्याकडे दोन लग्नं आली. एक मेहकरातल्या बड्या वावरवाल्यांच्या, म्हणजे मोठ्या शेतीवाल्यांच्या घरचं. नवरदेवाच्या थोरल्या भावाने आल्या आल्या ठणकावलं, “फोर-के पाह्यजे. एकदम टॉप.” दुसरं बीबी गावचं, साध्या घरचं. तिथं नवरीची आई लग्नाच्या तोंडावर जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि बुलढाण्याला दवाखान्यात आडवी झाली. तारीख पुढं ढकला म्हणणाऱ्यांना तिनेच गप्प केलं. मला फोनही तिनेच केला.

“पोरी, मले पंगत नको दाखवू, नाच नको दाखवू. पोरीच्या डोक्यावर तांदूळ पडतानी दिसले पाह्यजे, बस.”

“दिसतीन मावशी,” मी म्हणाले. शब्द देऊन बसले.

दिराने हिशेब मांडला आणि मान हलवली. एक फोर-के, म्हणजे साध्याच्या चौपट भार, आणि एक साधं, दोन्हीकडे एकदम तांदूळ उडाले तर मशीन मान टाकणार. आणि लगेच त्याने उपायही काढला. कारखान्याने प्रोसेसरला जो वेग नेमून दिलेला असतो, त्याहून जास्त वेगाने त्याला पळवायचं. ओव्हरक्लॉक म्हणतात त्याला.

“वयनी, थोडी ताणू न मशीन. सारे गेमवाले ताणतात.”

“थे आपली हाय काय?”

“भाडं देऊन राह्यलो न आपण!”

“भाडं देतो म्हणून घरमालकाची भित फोडून खिडकी करता काय भाऊजी?”

तो काही हटेना, म्हणून मी सर्व्हरवाल्यांना फोन लावला. पलीकडचा पोरगा शुद्ध तुपातलं मराठी बोलणारा. माझ्या तोंडून एकदा ‘का’ऐवजी ‘काऊन’ निघालं, तर हसू दाबत म्हणतो, “मॅडम, तुम्ही नक्की कुठून बोलताय?”

“मेहकरहून. इथून बोललं की तुमची मशीन हळू चालते काय?”

मग तो सरळ झाला. वेग वाढवायला आमची बंदी नाही, म्हणाला. पण जळालं तर भरपाई तुमची, आणि नवीन बसवेपर्यंत मशीन बंद. मी म्हटलं, बंद म्हणजे बंद? तो म्हणाला, बंद म्हणजे बंद.

दिराला एवढ्याने काय होणार. एका दुपारी मी जेवायला गेले तेवढ्यात पठ्ठ्याने वेग वाढवून ठेवला आणि एका जुन्या लग्नाचं चित्रण चाचणीला लावलं. मी आले तर छाती काढून बसलेला. “पाह्य वयनी, कसं लोणी चालून राह्यलं!” चालत होतं, खोटं कशाला बोलू. माझाही जीव क्षणभर लालचावला. मग अंतरपाट खाली आला, तांदूळ उडाले आणि चित्र थिजलं. नवरीचे हात हारासकट हवेत, गळ्यात हार काही पडेना. मशीन जी गेली ती गेली. सर्व्हरवाल्यांनी कोणाला तरी पाठवून ती उठवली, तोवर त्या जुन्या लग्नाच्या पंगतीही उठल्या असत्या.

“मंग थोडी कमी ताणतो,” दीर म्हणाला.

मी भडकले. मशीन माझ्यापुढे असती तर गोष्ट वेगळी. तापली की हात लावून कळलं असतं, झाकण काढून टेबलफॅन लावला असता. इथं ती दूर कुठेतरी तापणार, आम्हाला कळणार ती मेल्यावर. आणि आमच्या हौसेची शिक्षा भोगणार कोण? वावरवाले अल्बम बघून समाधान मानतील, पुन्हा फोटो काढतील. खाटेवरच्या बाईला ती घटका परत कोण दाखवणार? मी वेग होता तिथे आणून ठेवला आणि दिराला सांगितलं, पुन्हा हात लावलास तर या खोलीत पाय ठेवायचा नाही.

मग मी नवरदेवाच्या थोरल्या भावाला फोन केला. चोरून करायचं मला जमत नाही. म्हटलं, दादा, तुमचं चित्र दोन पायऱ्या खाली आणते. मोबाइलवर बघणाऱ्याला फरक कळत नाही.

“काऊन? तुमची मशीन कमी पडून राह्यली तर थ्या बीबीवाल्याईले ठेवा न घंटाभर बंद. त्याईचं पाह्यते कोण?”

माझं डोकंच फिरलं. “त्याईचं पाह्यणारी एकच हाय, दादा. नवरीची माय. तुमच्याकडे हजार असतीन, पण हिच्यासाठी तुमच्या हजाराले मी दोन पायऱ्या खाली उतरवीन. पटलं तर ठेवा.”

“आमी अकोल्याहून दुसरा आणतो.”

“आणा.”

नाही आणला. त्या मुहूर्तावर अख्ख्या वऱ्हाडात मोकळं होतं कोण! आयुष्यात पहिल्यांदा मी पंचांगाचे आभार मानले.

लग्नाच्या दिवशी नवरा वावरवाल्यांकडे आणि दीर बीबीला कॅमेरा घेऊन गेला, मी खोलीत बसले. वावरवाल्यांची वरात डीजेपुढून हलेना. मला वाटलं, चला, बीबीचं आधी उरकेल, वाद आपोआप मिटला. पण बीबीला नवरीचा मामा रस्त्यात अडकला, आणि मामाशिवाय नवरीला मांडवात कोण आणणार? शेवटी व्हायचं तेच झालं, दोन्ही मांडवांत मंगलाष्टकं एकदमच सुरू झाली. पहिल्या ‘सावधान’ला मशीनचा भार असा वर गेला की मी खुर्ची सोडून उभी राहिले. प्रत्येक कडव्याला तो चढायचा, काठावर टेकायचा, उतरायचा. पण मशीनने मान टाकली नाही. दोन्हीकडे सारखंच चित्र, दोन्हीकडे तांदूळ स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी वावरवाल्यांच्या घरातल्या थोरल्या काकांचा फोन आला. सुरतेचे पाहुणे फार खूश होते. “फोर-केची बातच अलग हाय, बाई.”

मोठ्या माणसाने केलेलं कौतुक गिळून गप्प बसता आलं असतं. बसले नाही. “काका, थे फोर-के नव्हतं. तुमच्या पुतण्याले मी आधीच सांगतलं होतं. बीबीच्या लग्नाले होतं, थेच तुमाले होतं.”

फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यांचं पुढचं लग्न आमच्याकडे आलं नाही, आणि येऊ नये म्हणून मी काही नवस केलेला नाही. आलं तर याच वेगात दाखवीन.

बीबीच्या नवरीची काकू दवाखान्यात मावशींजवळ बसली होती. नंतर ती आमच्या खोलीवर आली आणि तिने सांगितलं. मावशींनी सकाळीच घरून वाटीभर अक्षता मागवून उशाशी ठेवल्या होत्या. मोबाइल पोटावर उभा धरायला लावला, आणि प्रत्येक ‘सावधान’ला पडल्या पडल्या चिमूट चिमूट त्याच्यावर टाकत राहिल्या. काचेवरून दाणे घरंगळून सगळे गादीत. नर्स ओरडली, “बाई, सारे तांदूळ खाटेवर पडून राह्यले न!”

मावशी पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, “खाटेवर नाई वो. पाह्य इकडे, पोरीच्या डोक्यावर पडून राह्यले.”