जाधवसाहेब आणि जडत्वाचा प्रश्न

आमच्या कारखान्यात चहाला चौघं जमले, की बोलणं मशीनवरून सुरू होतं आणि जाधवसाहेबांवर येतं. एकानं एक किस्सा काढला, की दुसऱ्याला दोन आठवतात.

आम्ही इंजिनांची फ्लायव्हील बनवतो. जड चाक फिरवायला त्रास, फिरायला लागलं की थांबवायला त्रास. आम्ही सगळेच हे रोज बघतो; इंजिनिअर जाधवसाहेबांनी मात्र मनावर घेतलं. हा हट्ट, म्हणजे जडत्व, चाकाचं स्वतःचं, की दूरवरच्या ताऱ्यांमुळं त्याच्यात येतं? एवढ्यासाठी पन्नाशीत ते सापेक्षतावाद शिकायला लागले.

*

एकदा पन्हाळ्याहून साहेब आणि मी एसटीनं येत होतो. वळणावर म्हैस आडवी आली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, सगळे पुढच्या सीटवर आदळले. साहेब कपाळ चोळत शेजारच्या पैलवानाला म्हणाले, "आपल्याला पुढं ढकललं कुणी?"

"ड्रायव्हरनं की."

"त्यानं गाडी थांबवली. आपल्याला हात कुठं लावला?"

पैलवानानं वळून माझ्याकडं बघितलं. "पावणं, ह्यास्नी डोक्याला लय लागलंय. आधी दवाखाना गाठा."

*

घरी गच्चीवर ते पाण्याची बादली दोरीला टांगायचे आणि पीळ देऊन सोडायचे. बादली फिरायला लागली, की पाणी कडेनं वर चढायचं.

"बघ, तारे नसते तर हे चढलं नसतं," ते वहिनींना म्हणाले.

वहिनी कपडे वाळत घालत होत्या. "मग ताऱ्यांना सांगा, आपल्या टाकीतही चढवा म्हणून. सकाळपासून नळाला दाब नाही."

*

पुढं गणित अडलं. साहेबांनी कॉलेजात परवानगी काढली आणि कारखान्याच्या सोमवारच्या सुट्टीला एमएस्सीच्या मुलांत बसायला लागले. परीक्षेची सक्ती नव्हती, तरी दिली. नापास झाले.

एका मुलीनं हळूच विचारलं, "काका, वाईट वाटलं?"

"वाटलं की. पण नेमकं कुठं अडतंय, ते आज कळलं."

पुढच्या सोमवारी ते पहिल्या बाकावर.

*

कैक वर्षांच्या खटपटीनंतर त्यांनी स्वतःचं एक समीकरण मांडलं. जडत्व सगळं ताऱ्यांमुळंच येतं, असं त्यातून निघत होतं. कॉलेजनं व्याख्यान ठेवलं. वहिनी आणि मी मागं बसलो होतो.

फळा भरत आला तेव्हा एक विद्यार्थी उठला. "सर, यातले सगळे तारे काढून टाकले तर? एकटाच दगड उरला, तर त्याचं जडत्व शून्य व्हायला पाहिजे ना?"

साहेबांनी ताऱ्यांच्या जागी शून्य घातलं आणि एकेक ओळ सोडवत खाली आले. जडत्व उरतच होतं. त्यांनी शेवटच्या ओळीखाली रेघ मारली.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "माझं चुकलंय." मग डस्टर घेऊन त्यांनी सगळा फळा पुसला आणि वरच्या कोपऱ्यातून पुन्हा पहिली ओळ लिहायला घेतली.

हॉल रिकामा होत गेला. तो विद्यार्थी तेवढा पुढं जाऊन बसला. शेवटी शिपाई किल्ल्या घेऊन आला आणि दिवे बंद करायला लागला.

वहिनी उठून त्याच्याजवळ गेल्या. "जरा थांबा हो," त्या म्हणाल्या. "सगळे तारे काढून ठेवलेत त्यांनी. परत लावून होऊ देत."